उपयोजित मानसशास्त्राचा गट-प्रकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या एम.ए.च्या मुलामुलींना गट-प्रकल्पासाठी मार्गदर्शन करताना दरवर्षी तेच प्रश्न नव्या तोंडून ऐकू येतात. बहुतेक वेळा रात्री साडेदहानंतर, व्हॉट्सॲपवर, "मॅम, एक छोटा डाउट होता" अशी सुरुवात करून. डाउट सहसा छोटा नसतो. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. श्रेयांक, गुण आणि जमा करायच्या तारखा तुमच्या विभागाच्या परिपत्रकात असतात, त्या तिथंच बघा. इथं आहे ते परिपत्रकात न मावणारं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. तुमच्या प्रश्नावलीसाठी कुणीतरी आपल्या दिवसातली वीस मिनिटं काढून देतं. त्या माणसाला तुमच्या पदवीशी काही देणंघेणं नसतं. ती वीस मिनिटं उसनी घेतली आहेत असं समजून प्रत्येक निर्णय घ्या.

प्रकल्प गटातच का? एकट्यानं केला तर जास्त नीट होणार नाही का?

काही विषय एकट्यानंच नीट होतात, हे खरं. पण डोंबिवलीहून येणारी मुलगी कॉलेज आटपून ऐरोली-महापेच्या रात्रपाळीवाल्यांना गाठणार कधी? चौघं असले की एक ऐरोली बघतो, एक वागळे इस्टेट, एक घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या. सहा महिन्यांच्या सत्रात एकट्याच्या आवाक्यात न येणारा विषय गटाच्या आवाक्यात येतो.

त्याहून मोठा फायदा मुलाखतींच्या कोडिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक वाक्याला त्याच्या अर्थाचं नाव देण्यात, दिसतो. एकाच वाक्याला एकीनं 'थकवा' म्हटलेलं असतं आणि दुसरीनं 'राग'. मग दोघी अर्धा तास त्या एका वाक्यावर भांडतात. खरं संशोधन त्या अर्ध्या तासात होतं. एकटी असती तर 'थकवा' लिहून पुढं गेली असती.

काम वाटलं गेलं की कमी होईल, या आशेनं मात्र गट करू नका. कमी होत नाही. एकमेकांना सांगणं, थांबणं, पुन्हा जुळवणं हे वर चढतं.

गट किती जणांचा असावा? आम्ही मैत्रिणी-मैत्रिणीच राहिलो तर चालेल का?

चार. तिघं चालतात, पाच जण ओढूनताणून चालतात, सहा नकोत.

याचं कारण आपल्याच विषयात सापडतं. फ्रान्समधले शेती-अभियांत्रिकीचे प्राध्यापक मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ साली छापून आले. माणसं वाढतील तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर घटला. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी हेच टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तपासलं. माणूस प्रत्यक्षात एकटाच ओरडत होता, पण आपल्याबरोबर आणखी जण ओरडताहेत असा त्याचा समज करून दिला होता. तेवढ्यानंही आवाज खाली आला. म्हणजे दोष फक्त ताळमेळ न जमण्याचा नव्हता. आपला वाटा गर्दीत दिसणार नाही, या जाणिवेनंच हात सैल पडतो. पुढच्या प्रयोगांत प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार असं सांगितलं, तेव्हा ही सुस्ती गेली. हा शेवटचा धागा लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात तो लागणार आहे.

मैत्रिणींबद्दल: चालेल, पण चौघीही आकडेमोडीला घाबरणाऱ्या असतील तर जानेवारीत रडाल. गटात एक जण अनोळखी माणसाशी न बिचकता बोलणारा हवा, एक एक्सेलशी मैत्री असलेला, एक नीट लिहिणारा आणि एक तारखा डोक्यात ठेवणारा. भाषाही बघा. विमानतळासाठी ज्यांची गावं हलली त्या उलवे-पनवेल पट्ट्यात मुलाखती घ्यायच्या असतील आणि तुमच्यात घरी आगरी बोलणारं कुणी असेल, तर तिथं माणसं ज्या मोकळेपणानं बोलतील तो पुण्याच्या शुद्ध मराठीला मिळणार नाही. आणि चौघं राहता कुठं, हेही विचारा. एक बदलापूरला, एक खारघरला आणि एक मीरा रोडला असेल तर भेटायची जागा आधी ठरवा. आमच्याकडचे गट बहुतेक ठाणे स्टेशनच्या आसपास जमतात, कारण ट्रान्स-हार्बर आणि मध्य रेल्वे तिथं मिळतात.

गटातला एक जण कामच करत नाही. आम्ही काय करायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तोही बहुतेक उशिरा, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या आठवड्यात.

आधी कारण शोधा. माझ्या एका गटातला मुलगा तीन आठवडे ग्रुपवर एकही उत्तर देत नव्हता. बाकीच्या तिघी त्याचं नाव काढून टाका म्हणून माझ्याकडे आल्या. त्याला बाजूला बोलावलं तेव्हा कळलं की तो रात्री नोकरी करत होता, आणि शीटमध्ये डेटा कसा भरायचा हे त्याला येत नव्हतं. चारचौघांत विचारायची लाज वाटत होती, म्हणून तो गप्प होता. त्याच्याकडे मुलाखती दिल्या. रिक्षावाल्यांशी, वॉचमनशी तो जसा बोलला तसं त्या तिघींपैकी कुणालाच जमलं नसतं. सगळेच असे निघतात असं मी म्हणत नाही. काही जण खरोखरच पाट्या टाकतात. पण पहिल्या दिवशी तसं धरून चालू नका.

दुसरं, पहिल्याच आठवड्यात एक साधी वही किंवा शीट सुरू करा: तारीख, काम, कोणाचं, झालं की नाही. "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं" हे वाक्य त्यात येता कामा नये. रिंगेलमनची दोरी आठवा. ज्याचा वाटा दिसतो तो ओढतो. शोधनिबंधांच्या जगात यासाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात. कल्पना, पद्धत, डेटा गोळा करणं, विश्लेषण, पहिला मसुदा, दुरुस्ती, देखरेख अशा गोष्टी त्यात वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. तुम्ही तीच यादी घेऊन पहिल्याच बैठकीत प्रत्येक भूमिकेपुढं नाव लिहा.

एवढं करूनही कुणी हलत नसेल, तर गाइडला लेखी कळवा आणि लवकर कळवा. भिडेखातर त्याचं काम गुपचूप स्वतः करून टाकू नका. तसं केलंत की पुढं तक्रारीला जागा राहत नाही, आणि त्यालाही वाटतं की चाललंय तसंच चालेल.

विषय कसा निवडायचा?

'सोशल मीडियाचा वापर आणि आत्मसन्मान' हा विषय माझ्याकडे इतक्यांदा आला आहे की त्यावर मी आता एकच प्रश्न विचारते: याचं उत्तर मिळालं तर ते कोणाच्या उपयोगी पडेल? 'उपयोजित' या शब्दाचा अर्थ तोच. उत्तर वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. शाळेची समुपदेशक, कंपनीतली एचआरवाली, सोसायटीचा सेक्रेटरी, महापालिकेच्या दवाखान्यातली डॉक्टर. असं कुणीच दिसत नसेल तर विषय बदला.

आपल्या भागात विषयांना तोटा नाही. वाशीच्या बाजार समितीत रात्री गाड्या उतरवणारे माथाडी कामगार, ज्यांच्यासाठी महाराष्ट्रानं १९६९ साली स्वतंत्र कायदा केला, त्यांच्या झोपेवर आणि ताणावर, पाठदुखीपलीकडे, कोण बोलतं? घोडबंदर रोडच्या चाळीसाव्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या, गावी अंगणात बसायची सवय असलेल्या आजी-आजोबांचं एकटेपण. महापे-ऐरोलीत अमेरिकेच्या वेळेनं काम करणारे, ज्यांचं घर झोपतं तेव्हा यांचं ऑफिस भरतं. बदलापूर-ठाणे रोज उभ्यानं येणाऱ्या बायका. दिवसाला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंना 'ताण' या शब्दानं काय कळतं आणि त्या स्वतः त्याला काय म्हणतात.

एक इशारा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय शतकाहून जुनं आहे आणि दर वर्षी एखादा गट तिथल्या रुग्णांवर प्रकल्प करायचा म्हणून हटून बसतो. तो आजार, ती परवानगी, ती नैतिक समिती, यातलं काहीच एका सत्रात बसत नाही. आणि आजारी माणसाला विद्यार्थ्याच्या सरावासाठी वेठीला धरणं मला पटत नाही. रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचा विचार करा. तेही नीट परवानगी घेऊनच.

सॅम्पल किती घ्यायचं? ३० चालतात असं सीनियर म्हणाले.

सीनियरना त्यांच्या सीनियरनी सांगितलं असणार. ३० हा जादूचा आकडा नाही. किती माणसं लागतील हे तुम्ही किती मोठा परिणाम शोधताय यावर अवलंबून असतं. कोहेन यांच्या मोजपट्टीनं मध्यम आकाराचा सहसंबंध, म्हणजे ०.३, पकडायचा असेल आणि तो खरा असताना दहातल्या आठ वेळा तरी सापडावा असं वाटत असेल, तर सुमारे ८५ माणसं लागतात. दोन गटांच्या सरासरीतला मध्यम फरक (०.५) पकडायचा तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८. तीस जणांवर केलं तर फरक असूनही दिसणार नाही, आणि तुम्ही "फरक नाही" असं लिहून मोकळे व्हाल. जी-पॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे गणित दोन मिनिटांत करून देतं. सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे प्रकल्पाच्या आराखड्यातच, तो आकडा लिहा.

मुलाखतींचं गणित वेगळं. बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या लोकांबरोबर दहा-बारा चांगल्या, तासभराच्या मुलाखती झाल्या की मुख्य सूत्रं दिसू लागतात. इथं चौघांनी मिळून बारा म्हणजे प्रत्येकी तीन. त्या तीन जीव ओतून घ्या.

गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवला तर १५० सहज होतात. मग उन्हात कशाला फिरायचं?

कारण ते १५० कोण असतात ते बघा. तुमच्याच वर्गातले, त्यांचे भाऊ-बहीण, सोसायटीच्या ग्रुपवरच्या दोन उत्साही काकू. २०१० मध्ये हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचं बरंचसं ज्ञान पाश्चात्त्य, शिकलेल्या, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही समाजांतल्या माणसांवर, त्यातही कॉलेजच्या पोरांवर उभं आहे. तो निबंध आपण परीक्षेत पाठ करून लिहितो आणि प्रकल्पाला पुन्हा एम.ए.ची मुलंच गोळा करतो.

ऑनलाइन फॉर्म वर्ज्य नाही. रात्रपाळीच्या आयटीवाल्यांना तोच सोयीचा. पण लिंक कुठं कुठं टाकली ते लिहून ठेवा, मध्येच "या ओळीपुढं 'सहमत' निवडा" असा एक तपासणीचा प्रश्न घाला, आणि दीड मिनिटात साठ प्रश्न भरणाऱ्यांचं काय करायचं ते डेटा यायच्या आधी ठरवा.

तयार स्केल वापरायचं की स्वतः बनवायचं? आणि मराठीत कसं आणायचं?

स्वतः बनवू नका. स्केल, म्हणजे ताण किंवा नैराश्यासारखी गोष्ट मोजणारी प्रश्नावली, बनवणं हाच एक अख्खा प्रकल्प असतो. तयार स्केल घेताना आधी परवानगीचं बघा. पीएचक्यू-९ (नैराश्य), जीएडी-७ (चिंता), डास-२१ (नैराश्य, चिंता आणि ताण) यांसारखी साधनं फुकट वापरता येतात. बेकची नैराश्य प्रश्नावली किंवा मास्लाकची बर्नआउट प्रश्नावली विकत घ्यावी लागते. इंटरनेटवर पीडीएफ सापडली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.

मराठीचा प्रश्न मला सर्वांत जवळचा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगारांच्या ताणावर काम करणारा आमचा एक गट होता. पहाटेच्या गाड्या रिकाम्या झाल्यावर, चहाच्या वेळेत, साताऱ्याकडचे एक काका गोणीवर बसून प्रश्नांची उत्तरं देत होते. चष्मा आणला नव्हता, म्हणून मुलगी वाचून दाखवत होती. "गेल्या महिन्याभरात आपण गोष्टींच्या वर आहोत असं तुम्हाला किती वेळा वाटलं?" काकांनी तिच्याकडे बघितलं, मग खालच्या गोणीकडे, आणि म्हणाले, "पोरी, आम्ही रोज ह्यांच्या वरच असतो की." तिनं पेन खाली ठेवलं. ती त्या दिवशी सगळे फॉर्म तसेच घेऊन परत आली. मूळ प्रश्न होता सगळं आपल्या आवाक्यात आहे असं वाटण्याबद्दल. शब्दाला शब्द लावल्यामुळं तो गोण्यांबद्दलचा झाला होता.

म्हणून पद्धत अशी: एकानं मराठी करायचं. दुसऱ्या, मूळ प्रश्नावली न बघितलेल्या माणसानं ते मराठी पुन्हा इंग्रजीत न्यायचं. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही उलट-भाषांतराची रीत अजूनही चालते. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक बघायचा. आणि मग, हे कोणी करत नाही, ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या पाच जणांना वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "तुम्हाला यातून काय कळलं?"

उलटे प्रश्न, म्हणजे ज्यांचे गुण उलट्या क्रमानं धरायचे ते, विशेष सांभाळा. ताण मोजणाऱ्या पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केलच्या दहा प्रश्नांत चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा उलटे मोजायचे असतात. शिवाय मराठीत नकारार्थी प्रश्नाला "हो" म्हटलं की त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. "तुम्हाला चिडचिड होत नाही ना?" "हो." आता काय लिहाल? वाक्य सरळ करा. नंतर तुमच्या डेटावर अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा, ०.७० च्या खूप खाली आला तर आधी उलटे प्रश्न उलटवले का ते तपासा. निम्म्या वेळा घोडं तिथंच अडलेलं असतं.

संमतीपत्रावर सही घेतली की नैतिक बाजू झाली ना?

नाही. सही हा संमतीचा पुरावा. संमती त्याआधीच्या बोलण्यात असते. काय विचारणार, किती वेळ लागेल, उत्तरं कोण बघणार, मध्येच उठून गेलं तर चालेल का, हे समोरच्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. वाचता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना गाइडकडून घेऊन एकदा मुळातून वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, पण मुलाचा होकारही लागतो: सात ते बारा वयात तोंडी, बारा ते अठरात लेखी. शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. ही गफलत फार होते.

कंपनीत काम करणाऱ्यांसाठी: एचआर गोड बोलून "कोणाचा स्कोअर किती ते आम्हालाही द्या" म्हणेल. देऊ नका. आधीच लेखी ठरवा की फक्त एकत्रित निष्कर्ष देऊ. ज्या कर्मचाऱ्यानं तुमच्यावर विश्वास ठेवून "मला ही नोकरी नकोशी झाली आहे" असं लिहिलं, त्याच्या बढतीशी खेळायचा अधिकार तुम्हाला नाही.

कुणी मरणाचे विचार येतात असं लिहिलं तर?

हा प्रश्न प्रकल्प सुरू व्हायच्या आधी सोडवायचा असतो. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न नेमका याबद्दल विचारतो. निनावी ऑनलाइन फॉर्ममध्ये तो घातलात आणि रात्री दोन वाजता कुणी 'जवळपास रोज' वर खूण केली, तर तुम्ही त्या माणसापर्यंत पोचू शकत नाही. त्यानं मदतीसाठी हात पुढं केला, आणि पलीकडे कुणी नव्हतं. म्हणून निनावी फॉर्मसाठी मी नवव्या प्रश्नाशिवायची पीएचक्यू-८ वापरायला सांगते. फॉर्मच्या शेवटी प्रत्येकाला, उत्तर काहीही असो, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिसला पाहिजे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

समोरासमोर असाल आणि कुणी असं बोललं, तर मुलाखत तिथंच थांबवा. वही बंद करा. उपदेश करू नका, "असं काही मनात आणू नका" असंही म्हणू नका. ऐका. आत्ता तो माणूस एकटा आहे का, घरात कोण आहे, हे विचारा. सरळ विचारल्यानं विचार बळावत नाही. त्याला एकटं सोडून निघू नका, त्याच्यासमोर १४४१६ लावा, गाइडला फोन करा. कितीही वाजले असले तरी करा. तुम्ही अजून थेरपिस्ट नाही; तुमचं काम त्याला योग्य माणसापर्यंत पोचवणं. कोणाकडे पाठवायचं त्यांची नावं, वेळा आणि पत्ते प्रत्येकाच्या पाकिटात आधीपासून हवेत.

आणि घरी आल्यावर गटातल्या कुणाशी तरी बोला. अशा दिवसानंतर एकटं लोकलमध्ये बसून जाणं सोपं नसतं.

शाळा, कंपन्या परवानगीच देत नाहीत.

देतात, उशिरा देतात. पत्र पहिल्याच आठवड्यात द्या, एकाऐवजी तीन ठिकाणी द्या. पत्रात विभागप्रमुखांची सही, किती मिनिटं लागतील, कोणत्या तारखांना, आणि बदल्यात तुम्ही काय देणार (निष्कर्षांची एक बैठक, झोपेवर तासभराची कार्यशाळा) हे स्पष्ट लिहा. शाळांच्या परीक्षा, कंपन्यांचा मार्च आणि दिवाळीचा आठवडा टाळा. एका ठिकाणानं आम्हाला होकार देऊन ऐन डेटा गोळा करायच्या आठवड्यात हात वर केले होते. दुसरं ठिकाण तयार होतं म्हणून प्रकल्प वाचला.

भरलेले फॉर्म आणि रेकॉर्डिंग कोणाकडे ठेवायचं?

एका नाव ठरलेल्या माणसाकडे, कुलपात. रेकॉर्डिंग पासवर्ड असलेल्या ड्राइव्हवर, आणि मुलाखत शब्दशः उतरवून झाल्यावर फोनमधून पुसून टाका.

हे मी इतकं ठासून का सांगते ते ऐका. आमच्या एका विद्यार्थिनीची पिशवी पनवेल-ठाणे लोकलच्या वरच्या रॅकवर राहिली. तुर्भ्याला उतरून तिला आठवलं. पिशवीत त्या दिवशीचे सगळे फॉर्म होते, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर नाव, मोबाइल नंबर, आणि खाली "नवऱ्याशी पटत नाही" वगैरे उत्तरं. ती फलाटावर बसून रडत मला फोन करत होती. पिशवी मिळाली नाही. त्या बायकांना आम्ही एकेकीला भेटून सांगितलं, माफी मागितली. चूक तिची नव्हती. नावाचं पान वेगळं ठेवायला मी सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून संमतीपत्र एका पाकिटात, प्रश्नावली दुसऱ्या पाकिटात, प्रश्नावलीवर फक्त क्रमांक, आणि दोन पाकिटं कधीही एकाच माणसाच्या पिशवीत नाहीत. गट असल्याचा हाही एक उपयोग.

गृहीतक चुकीचं निघालं. गुण जातील का?

नाही, आणि जाऊ नयेत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होता, पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच आला. इतकी घसरण होण्याची कारणं अनेक, पण त्यातलं एक म्हणजे न जमलेले निकाल कपाटात ठेवायची सवय. तुमचं गृहीतक डेटा घेण्याआधी तारीख घालून गाइडकडे द्या; ओएसएफ या संशोधनाच्या संकेतस्थळावर मोफत नोंदवता येतं. निकाल पाहून गृहीतक बदलू नका. "आम्हाला अपेक्षित संबंध सापडला नाही, सॅम्पल ९० चं होतं, म्हणून अगदी लहान परिणाम नाकारता येत नाही" असं सरळ लिहिलेलं वाक्य मला लक्षणीय निकालांपुढं पाच तारका लावलेल्या तक्त्यापेक्षा जास्त आवडतं.

आकडेमोडीचं एसपीएसएस सॉफ्टवेअर नाहीये.

जामोवी किंवा जास्प घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि एम.ए.च्या कामाला पुरून उरतात.

चॅटजीपीटी वापरला तर?

व्याकरण तपासायला, एखादी कल्पना समजून घ्यायला वापरलात तर तसं अहवालात लिहा. मुलाखतींचा मजकूर मात्र त्यात टाकू नका; त्या बाईनं तुम्हाला सांगितलं होतं, बाहेरच्या सर्व्हरला नाही. संदर्भ तर त्याच्याकडून घेऊच नका. नसलेले निबंध तो सफाईनं बनवून देतो आणि व्हायवात परीक्षक नेमका तोच निबंध मागतात.

अहवाल चौघांनी एकेक प्रकरण लिहायचा का?

कच्चा मसुदा लिहा तसा, पण शेवटचा हात एकीचाच फिरू दे, नाहीतर चार माणसं चार खोल्यांतून बोलताहेत असं वाटतं. संदर्भ एपीएच्या (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या) लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण म्हणून १० टक्के उचलायची मुभा आहे असं समजू नका.

मुलाखतीतली वाक्यं मुळातल्या मराठीत ठेवा, इंग्रजी खाली द्या. "डोकं बधिर झालंय", "जीव वरखाली होतो", "छातीवर कुणी बसल्यासारखं" या तिन्हींना एकच इंग्रजी तांत्रिक शब्द लावलात तर तीन माणसं पुसली गेली. ही शब्दसंपत्ती गोळा करणं हाही एखाद्या गटाचा पूर्ण विषय होऊ शकतो.

व्हायवात मी न केलेल्या भागाचे प्रश्न आले तर?

येणारच. चौघांनाही सगळं माहीत हवं. व्हायवाच्या आठवडाभर आधी भूमिका बदलून एकमेकांना प्रश्न विचारा: मुलाखती घेणाऱ्यानं तक्ते समजावून सांगायचे, आकडेवालीनं एक मुलाखत उलगडून दाखवायची.

सहभागी झालेल्या लोकांना पुढं काही कळवायचं असतं का?

असतं, आणि जमा करण्याआधी कळवायचं. एका पानावर, मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत: काय विचारलं, काय सापडलं, काय सापडलं नाही.

कांदा-बटाटा मार्केटचा तो गट पान घेऊन पुन्हा पहाटे गेला. तेच काका, तोच चहा, आता चष्मा होता. त्यांनी पान सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गटानं सगळ्यांना ओझी वाहणारे कामगार म्हणून एकाच रकान्यात घातलं होतं. काका म्हणाले, "ह्यातले दोघं-तिघं मापाडी आहेत. त्यांचं काम वजन करायचं, पाठीवर घ्यायचं नाही. त्यांची पाठ आणि आमची पाठ एकत्र कशी मोजली?" मुलांनी जागच्या जागी विचारून कोण मापाडी ते लिहून घेतलं, परत येऊन त्यांना वेगळं काढलं आणि पाठदुखीचा तक्ता पुन्हा केला. जमा करायला तेव्हा चार दिवस उरले होते.